जुने पळसदेव हलते करण्याविषयी

२ जानेवारी, सकाळ

चहा अद्याप घेतलेला नाही. संकल्प ताजा असतानाच लिहून ठेवणे बरे.

काल रणजित प्रयागकाकीला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला बारामतीत घेऊन आला होता. काकी म्हणजे माझी चुलती, रणजित तिचा मुलगा. दोघे पळसदेवला असतात. डावा डोळा गेल्यात जमा आहे. उजव्याचा पडदा झिजत चालला आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, वर्ष निघाले तर निघाले, असे डॉक्टर म्हणाले. परतताना दोघे आमच्याकडे जेवायला थांबले.

दिवाणखान्यात माझे 'जुने पळसदेव' टांगलेले आहे. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या आमच्या गावाचे शाईतले रेखाचित्र. पुण्याच्या प्रदर्शनात जाणकारांनी त्याला निर्दोष म्हटले होते. काकीने मान तिरकी करून, जवळजवळ नाक लावून ते पाहिले. देऊळ ओळखले, पार ओळखला. मग म्हणाली, "समदं हाय रं रामा. पन कुनीच हलंना."

रणजित हसला. मी हसलो नाही. ही स्थिर चित्राच्या मर्यादेवरची मूलभूत टीका आहे. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात ती तिसऱ्या प्रकरणात आली आहे. तेथे तिला बरीच पाने लागली.

संकल्प: मोशन ग्राफिक्सचे सॉफ्टवेअर शिकून जुने पळसदेव हलते करणे. स्वतःची चित्रे, स्वतःचा हात. बारा दृश्ये. मुदत महाशिवरात्र. धरण भरले तेव्हा मी तान्हा होतो आणि काकी मला कडेवर घेऊन नव्या गावठाणात आली. तिचा उजवा डोळा शाबूत आहे तोवर तिने आपले गाव एकदा जिवंत पाहिले पाहिजे. तसा शब्द दिला आहे.

ती म्हणाली, "बघू की." हा होकार आहे.

५ जानेवारी

सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवले. पडदा उघडताच इतकी बटणे समोर आली की, ज्याने हे योजले त्याला रिकाम्या जागेचे महत्त्व कोणी शिकवले नसावे.

यूट्यूबवरील पहिला शिक्षक "हाय गाईज" म्हणाला. बंद केले. दुसऱ्याने तेच हिंदीत म्हटले. तिसरा काही न बोलता थेट काम दाखवू लागला; तो मला उद्धट वाटला.

निर्णय: अधिकृत पुस्तिका पहिल्या पानापासून, क्रमाने, पेन्सिल हातात घेऊन वाचणे. एकही पान न गाळता.

१९ जानेवारी

परिभाषेचे काम हाती घेतले आहे. लेयरला 'स्तर', टाइमलाइनला 'कालपट्टी', हालचालीचा टप्पा ठरवणाऱ्या कीफ्रेमला 'कळचौकट'. रेंडरला, म्हणजे चित्रांची चित्रफीत बनवण्याला, समाधानकारक प्रतिशब्द सापडत नाही. तो सापडेपर्यंत पुढे जाणे घाईचे ठरेल.

स्वरदाने विचारले, काही हलायला लागले का. माझी पत्नी बँकेत अधिकारी आहे, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीचा महिनाअखेर दिसतो. मी पायाचे महत्त्व सांगितले. ती म्हणाली, "पाया झाला की लगेच सांगा, मी चहा टाकते." या वाक्यात काहीतरी खोच होती, पण चहा चांगला होता.

३० जानेवारी

पुस्तिका अर्धी झाली. इंग्रजी गलथान आहे. समासात दुरुस्त्या केल्या. काहीही हलवलेले नाही. हे मुद्दाम.

भिगवण चौकाजवळ ठिबकच्या पाइपांच्या दुकानावर एक मल्टिमीडिया क्लास आहे. शंका विचारण्यापुरते जावे असे ठरवले. चालकाचे नाव सुयोग. त्याच्या वयापेक्षा माझी नोकरी मोठी आहे. मी पदव्या सांगितल्या. तो म्हणाला, "भारी. सर, चेंडूपासून सुरू करू." पडद्यावर एक लाल चेंडू टप्पे खाणार, हा पहिला धडा. मी सांगितले, मी गाव हलवायला आलो आहे, चेंडू नव्हे. तर म्हणाला, "चेंडू नीट आपटला की गाव मागनं येतंय सर."

पुन्हा जाणार नाही.

३१ जानेवारी

गेलो. चेंडू आपटत नाही. तरंगत खाली येतो आणि जमिनीत शिरतो. सुयोग म्हणाला, असे फुग्याचे होते, आणि तेसुद्धा जमीन नसली तर. मी म्हणालो, हा वेगळ्या गुरुत्वाकर्षणाचा विचार आहे. तो म्हणाला, "असंल सर, पन आपल्याला बारामतीत आपटायचाय."

११ फेब्रुवारी

क्लासमध्ये रेश्मा नावाची मुलगी आहे. वडगाव निंबाळकरहून एसटीने येते. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे व्हिडिओ करते: आधी वीज चमकते, मग सिंह, मग सिंहाच्या जागी साहेबांचा चेहरा, आणि चेहरा मोठा होत होत पडदा फाडून बाहेर. अभिरुचीचा इतका संपूर्ण अभाव मी एका ठिकाणी पाहिला नव्हता. मी तिला संयमाविषयी दोन शब्द सांगितले. ती म्हणाली, "व्हय सर. पन माझा सिंव्ह चालतोय." नंतर, दप्तर भरताना: "तुमचं गाव उठलं का झोपलंय अजून?"

चेंडू सोडून दिला आहे. उद्यापासून थेट पहिले दृश्य.

१८ फेब्रुवारी

पहिले दृश्य: विहिरीवर पाणी शेंदणारी बाई.

तिचा उजवा हात वेगळा कापून वेगळ्या स्तरावर ठेवला. कळचौकटी लावल्या. बटण दाबले. हात खांद्यापासून सुटला, देवळाच्या शिखरावरून गेला, पारावरच्या म्हाताऱ्यांच्या पागोट्यांना चाटून खाली आला आणि पुन्हा जागेवर बसला. बाई या सर्व काळात शांत होती.

सुयोगने लांबूनच पाहून सांगितले की, हाताचा अँकर पॉइंट खांद्यावर आणायचा राहिला. तो चित्राच्या मधोमध आहे म्हणून हात घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. मला ते माहीत असल्याचे सांगितले. आता माहीत आहे.

८ मार्च, महाशिवरात्र

मुदत हलवली आहे. महाशिवरात्रीला नव्या देवळात पळसनाथाच्या दर्शनाची गर्दी असते. पाहुण्यारावळ्यांच्या गडबडीत काकीला एकाग्रतेने पाहता आले नसते. ही गोष्ट आधीच लक्षात यायला हवी होती, पण आली हे महत्त्वाचे.

नवी मुदत गुढीपाडवा. नवे वर्ष, नवी सुरुवात. अधिक औचित्यपूर्ण.

रणजितचा फोन. काकी विचारत होती की रामाचे गाव कुठवर आले. विहिरीपर्यंत आले, असे सांगितले. मागून काकीचा आवाज: "मंजी निम्मं आलं की. विहिरीपास्नं घर लांब न्हाय आमचं."

१६ मार्च

एक तात्त्विक अडचण.

बाईचा हात हलला की हाताच्या मागे जे होते ते दिसले पाहिजे. पण मी हात काढला तेव्हा मागे काहीच काढले नव्हते. म्हणून हात सरकताच कमरेजवळ पांढरे भोक पडते. सुयोग म्हणाला, "थोडं मागचं रंगवून टाका, कोन बघतंय."

या "कोन बघतंय" वर एक समाज उभा आहे आणि म्हणून तो असा उभा आहे.

निर्णय: जे झाकलेले आहे तेही पूर्ण आणि खरे काढणे. भोक बुजवणे नव्हे, तर जे दिसणार नाही त्याचाही सन्मान. बाईमागची भिंत. भिंतीमागचे घर. घरातले जाते, फडताळ, उतरंड, उतरंडीतल्या मडक्यांची मागची बाजू.

२९ मार्च

उतरंड पूर्ण झाली. अतिशय सुंदर. ती कधीही दिसणार नाही.

स्वरदाने विचारले, बाईने पाणी काढले का. नाही.

४ एप्रिल

बैलजोडी. सॉफ्टवेअरमध्ये पायांत टाचण्या रोवून चित्र वाकवण्याची एक सोय आहे. डाव्या बैलाचा पुढचा पाय उचलला तर मागचा वितळतो. मानेला टाचणी लावली तर शिंगे हसू आल्यासारखी पसरतात. स्वरदा फाईल शोधायला खोलीत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ह्याला कोणी पाजली?"

बैल वगळत आहे. दृश्ये बारावरून सात. संक्षेप ही कलेची अंतिम अवस्था आहे.

९ एप्रिल, गुढीपाडवा

मुदत अक्षय्य तृतीया. जे सुरू होईल ते क्षय पावणार नाही असा हा दिवस. मूळ संकल्पच त्या दिवशीचा असायला हवा होता.

१३ एप्रिल

रणजितचा फोन, उत्साहात. धरणाचे पाणी यंदा फार उतरले आहे. "दादा, देऊळ उघडं पडलंय. शिखरापास्नं पार पायऱ्यांपतूर. कुंडलिक होडीतनं माणसं नेतोय. आईला उद्या घिऊन जातो. तिला अजून कडंकडंनं दिसतंय तंवर एकदा तितं बसवून आणतो. तुमीबी या."

मी त्याला थांबायला सांगितले. उद्या स्वतः जात आहे.

स्वरदा म्हणाली, "छान झालं की. तुमचं ओझं उतरलं." तिला विषयच कळलेला नाही.

१४ एप्रिल, दुपारी

पळसदेवहून परतलो.

काकी निघण्याच्या तयारीतच होती. नवे लुगडे, पिशवीत नारळ, पायात रणजितचे बूट, कारण तेथे चिखल. मी सर्वांना बसवले आणि शांतपणे मांडणी केली. तेथे आता काय आहे? भेगाळलेला गाळ, शेवाळलेले दगड, सेल्फी काढणारी पोरे आणि भजी. जी स्मृती काकीने इतकी वर्षे अभंग जपली तिच्यावर हे भग्न दृश्य कायमचे बसेल. डोळ्यांत अखेरचे काय साठवायचे, हा प्रश्न आहे. माझ्या कामात गाव अखंड आहे, वस्तीसह. थोडा धीर धरावा.

रणजित म्हणाला, "दादा, तुमचं व्हईल तवा व्हईल. पानी काय थांबतंय व्हय?" मी म्हणालो, अक्षय्य तृतीया. त्याची बायको राजलक्ष्मी आतून म्हणाली, "कंच्या सालची?" विनोदाचा दर्जा.

काकीने पिशवीतला नारळ काढून हातात घेतला. मग बूट काढले. "ऱ्हाऊ द्या. रामा शिकल्याला हाय. त्यो म्हनतोय तर काय तरी असंल."

विवेकाचा विजय. तिच्या हातातला नारळ आम्ही घरच्याच देवासमोर फोडला. गोड निघाला.

२ मे

देवळाची संदर्भछायाचित्रे अपुरी आहेत. शिखरावरच्या विटांचा थर मी अंदाजाने काढला होता. अंदाज हा शब्द माझ्या कामात असू नये. म्हणून आज कुंडलिकच्या होडीतून देवळापर्यंत जाऊन आलो.

उतरल्यावर गाळ कडक होता, चालता येत होते. पायऱ्यांवर बसलो. खांबांवरची नक्षी पाण्याने उलट स्वच्छ केली आहे. गाभाऱ्यात गारवा. सेल्फीवाले नव्हते. भजी नव्हती. समोर घरांच्या जोत्यांच्या ओळी स्पष्ट दिसतात, कोणाचे घर कोणते हे कोणी सांगणारे असते तर सांगता आले असते.

कुंडलिक परतताना म्हणाला, "मास्तर, प्रयागआजीला का नाही आनलं? सगळी म्हातारी मानसं येऊन गेली. एक आजी तर सोताच्या उंबऱ्यावर बसून जेवली." मी अभ्यासासाठी आलो होतो, दर्शनासाठी नव्हे, हा फरक त्याला समजावला. तो वल्हवत होता. त्याने ऐकले असावे.

छायाचित्रे उत्तम आली. विटांचा थर चुकला होता. वेळेवर कळले.

६ मे

कुंडलिकने गावभर सांगितले. रणजितचा फोन आला नाही. काकीचा आला, राजलक्ष्मीच्या मोबाईलवरून. "रामा, तू जाऊन आलास म्हनं. कसं हाय रं देऊळ?" ठीक आहे, म्हणालो. "पायऱ्या हायेत?" आहेत. "वरची दुसरी पायरी चेमटल्याली, ती?" पाहिली नाही, म्हणालो. "ऱ्हाऊ दे. तू काढल्यालं बघंल मी."

विश्वास हा शब्द मी सहसा वापरत नाही.

छायाचित्रांत दुसरी पायरी मीच बसल्यामुळे झाकली गेली आहे.

१० मे, अक्षय्य तृतीया

मुदत वटपौर्णिमा.

मोठी झेप घेतली आहे, तिच्यासाठी वेळ देणे भाग आहे. गावाभोवतीचा ऊस. देवळामागून क्षितिजापर्यंत ऊस, आणि त्यातले प्रत्येक पाते वेगळे हलते. सूत्र लिहून वारा तयार केला. सुयोगने प्रथमच खुर्ची ओढून पाहिले. म्हणाला, "सर, हे खतरनाक आहे." या क्षेत्रात ही पदवी समजावी.

पुढे आणखी एक कल्पना: साऱ्या गावात एकच वारा असावा. म्हणून बाईचा पदर, पारावरची पाने, धूर, कावळा, सगळ्यांची हालचाल सूत्राने उसाशी बांधली. ऊस हलला की गाव हलते. एक तत्त्व, एक श्वास.

आयुष्यात इतके निर्दोष काही केलेले नाही.

२३ जून

वटपौर्णिमा परवाच झाली. तरीही आज, केवळ चाचणी म्हणून, लॅपटॉप घेऊन पळसदेवला गेलो.

काकीला आता समोरचे दिसत नाही. कोंबडीसारखी मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहते. तसा लॅपटॉप तिच्या कानाशी धरला. तिने बराच वेळ पाहिले. चेहरा उजळला, असे मला वाटले.

"ह्ये काय रं उंच उंच हालतंय?"

ऊस, मी म्हणालो.

"कुनाचा?"

आपल्या गावचा, जुन्या.

"आपल्याकडं कुठला ऊस?" ती हसायलाच लागली. "येडा का काय! जवारी असायची, करडई असायची. नदीच्या वाळवंटात कलिंगडाच्या वाड्या. ऊस कुनी बघितला हुता तवा? ऊस आला धरनाचं पानी आल्यावर. गाव बुडालं, मग ऊस आला." रणजित पोट धरून हसत होता. त्याच्यामागे खिडकीत त्याचाच ऊस उभा होता. राजलक्ष्मी म्हणाली, "दादांनी बुडायच्या आधीच बागायत करून टाकली."

काकीने मला वाईट वाटू नये म्हणून पुन्हा मान वळवून पाहिले. "पन ऊस झ्याक हाय. फॅक्टरीला घालायजोगा."

मौखिक स्मृती हे दुय्यम साधन आहे. गॅझेटियर तपासीन.

२४ जून

गॅझेटियर तपासले. ज्वारी, करडई.

मी जन्मल्यापासून जे पाहिले ते ऊसच. खिडकीतून ऊस, शाळेच्या वाटेवर ऊस, पूजेत ऊस. नदीकाठचे गाव म्हणजे ऊस हे मी तपासलेच नाही, कारण तपासायचे असते ते आपल्याला माहीत नसलेले.

ऊस काढून ज्वारी पेरणे. कठीण नाही.

२५ जून

उसाचा स्तर काढला. पडद्यावर तांबडी पट्टी आली आणि चुकांची यादी सुरू झाली, संपेना. सर्व सूत्रे उसाला बांधलेली. ऊस नाही म्हणून वारा नाही. पदर थांबला, धूर थांबला, कावळा हवेत थांबला. गाव जसेच्या तसे उभे आहे आणि त्यात काहीही हलत नाही.

सुयोगला दाखवले. म्हणाला, "सर, ऊस ठेवा आणि लपवा. मागं असू द्या, दिसणार नाही."

तसे करता येईल. तसे करणार नाही. जे त्या गावात नव्हते त्याच्या जोरावर ते गाव हलणार नाही.

संकल्प: सर्व पुन्हा. ज्वारीपासून. ज्वारीचे ताट उसासारखे हलत नाही. कणसाचे वजन वर असते. हे बघायला कोणाच्या तरी शेतात जावे लागेल, आणि आता हंगाम नाही.

२९ जुलै

रणजितचा निरोप, लेखी, प्रथमच 'दादा' न लिहिता: "वरनं पाणी सोडलंय. देऊळ गेलं."

स्वरदाने तो वाचला आणि मला जेवायला वाढले. ती काही म्हणेल अशी अपेक्षा होती. उत्तर तयार होते.

दृश्ये सातवरून तीन.

१७ ऑगस्ट

काकीला पुन्हा डॉक्टरांकडे आणले होते. यावेळी रणजित आमच्याकडे थांबला नाही. मला हॉस्पिटलात जाऊन भेटावे लागले. आता फक्त उजेड आणि अंधार एवढे कळते, असे डॉक्टर म्हणाले.

यावर शांतपणे विचार केला. उजेड आणि अंधार हाच चित्रकलेचा मूळ आधार आहे. माझे काम कृष्णधवल आहे. एका अर्थी ती आता रंगांच्या आणि तपशिलांच्या मोहातून मुक्त होऊन थेट रचनेकडे पाहील.

हे स्वरदाला सांगितले. तिने टीव्ही बंद केला, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा लावला.

काकी कॉरिडॉरच्या बाकावर बसून म्हणाली, "रामा आला व्हय? सेंटाचा वास आला. जवारी उगवली का रं?" दोन दृश्ये पुरे आहेत, मी म्हणालो. "एक बी चालंल. माझं काय म्हननं न्हाय."

८ सप्टेंबर

एकच दृश्य. विहीर, बाई, देऊळ, कावळा. बाकीची काढून टाकली आहेत. उतरंड ठेवली आहे, बाईमागे.

क्लास सोडला. निघताना रेश्माने तिचा नवा व्हिडिओ दाखवला. सिंह अजून आहे. तो आता आधी जांभई देतो, मग गर्जतो. जांभई अचूक होती. जबड्याचे वजन कळत होते. मी तसे म्हणालो. ती इतकी चकित झाली की आभार मानायला विसरली.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

इंदापूरला एका ओळखीच्या शेतकऱ्याने माझ्यासाठी घरामागे ज्वारीची चार ताटे लावून ठेवली होती. सकाळी जाऊन बघत बसलो. वारा आला की आधी कणीस झुकते, मग ताट. परत येताना आधी ताट सरळ होते, कणीस मागे रेंगाळते. शेतकऱ्याची आई दारातून म्हणाली, "मास्तर, काय चोरीला जायची न्हाय ती. उन्हातनं उठा."

आता कळले.

१० ऑक्टोबर

पूर्ण झाले.

पुन्हा पुन्हा पाहिले. ज्वारी झुकते. बाईचा हात खांद्यातून उठतो, दोर ओढतो, कंबर वाकते, घागर वर येते, पाणी कडेवरून सांडते. कावळा शिखरावर उतरतो, बसण्याआधी एकदा पंख सावरतो. दुसरी पायरी चेमटलेली. स्वतःच्या कामाविषयी मी हे वाक्य कधी लिहिलेले नाही: यात दोष सापडला नाही.

स्वरदाला दाखवले. ती म्हणाली, "पुन्हा लावा." मी लावले. तिने डोळे पुसले; सर्दी आहे असे म्हणाली, आणि तिला खरोखरच दोन दिवस सर्दी आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा, संध्याकाळ

पळसदेव. सोने दिले, घेतले. रणजितने मिठी मारली, पण पाठीवर थाप मारली नाही.

काकी खाटेवर बसली होती. नवे लुगडे नेसली होती, डोक्यावर पदर. राजलक्ष्मीने स्टूल ओढून त्यावर लॅपटॉप ठेवला. काकी कपाटाकडे तोंड करून होती. राजलक्ष्मीने तिचे खांदे धरून तिला पडद्याकडे वळवले. मी खिडकीचे पडदे ओढले, म्हणजे उजेड आणि अंधार नीट कळावा. बटण दाबले.

ज्वारी झुकली. बाईने दोर ओढला. घागर वर आली. घरात फक्त पंख्याचा आवाज होता. काकी ताठ बसून पडद्याच्या दिशेने पाहत होती, देवळात आरती सुरू होण्याआधी बसतात तशी. कावळ्याने पंख सावरले आणि तो बसला. सारे संपले. पडदा काळा झाला.

काकी म्हणाली, "लाव की रं आता. मी बसलीया कवाची."

राजलक्ष्मी आत गेली. रणजित माझ्याकडे पाहत होता. चित्र लागून संपल्याचे त्याने मला सांगू दिले असते, असे वाटते. किंवा स्वतः सांगितले असते.

"काकी," मी म्हणालो, "अजून थोडे काम राहिले आहे. आज नुसते मशीन दाखवायला आणले होते."

तिने हात पुढे करून चाचपले. लॅपटॉपचे झाकण सापडले, त्यावरून हात फिरवला. "लई तापलंय रं," म्हणाली. "सवडीनं कर. घाई करून बिघडवू नगंस. मी कुठं चाललीया."

मी बरे म्हणालो.